गार्सिया एवढे आले कुठून?

प्रश्न : स्पेनचा फुटबॉल संघ बघा, टेनिसचा सामना बघा, नाहीतर हॉलिवूडच्या चित्रपटाची श्रेयनामावली, कुठे ना कुठे एखादा गार्सिया सापडतोच. हे सगळे मुळात एकाच घराण्यातले का? या आडनावाचा अर्थ काय आणि ते एवढं पसरलं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घराण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. नाही, एकाच घराण्यातले नाहीत. दोन गार्सियांचं एकमेकांशी रक्ताचं नातं असण्याची शक्यता कुठल्याही दोन स्पॅनिश माणसांइतकीच, त्याहून फार जास्त नाही. तरीही स्पेनमध्ये आणि अमेरिकेत 'गार्सिया घराण्याचं मूळ राजचिन्ह' चौकटीत घालून विकणारी दुकानं आहेत. त्या ढालींवर बऱ्याचदा बगळा रंगवलेला असतो. स्पॅनिशमध्ये बगळ्याला 'गार्सा' म्हणतात, एवढ्या उच्चारसाम्यावर बिचारा बगळा ढालीवर जाऊन बसला. गार्सिया या नावाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तुमच्या निरीक्षणात मात्र चूक नाही. स्पेनची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था देशातल्या आडनावांची मोजदाद ठेवते आणि तिच्या यादीत गार्सिया कायम पहिला असतो. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांकडचं आणि दुसरं आईकडचं. गार्सिया हे पहिलं आडनाव असणारे साधारण 14.5 लाख आहेत आणि दुसरं असणारे जवळजवळ तेवढेच. आई गार्सिया, वडील गार्सिया आणि म्हणून स्वतः 'गार्सिया गार्सिया' असे लोकही 75 ते 80 हजारांच्या घरात आहेत. सगळे धरले तर आकडा 28 लाखांच्या आसपास जातो. पाच कोटींहून जरा कमी वस्तीच्या देशात, म्हणजे दर सतरा-अठरा माणसांमागे एक. त्याच्या मागे रॉड्रिगेझ आणि गोन्सालेझ आहेत, पण ते नऊ-साडेनऊ लाखांवर थांबतात. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात पाच लाखांचं अंतर आहे. खरं कोडं या अंतराचं आहे.

ते सोडवायला गार्सिया हे आडनाव आहे, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल. गार्सिया हे मुळात पाळण्यातलं नाव.

नवव्या शतकात पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पांप्लोना नावाचं एक छोटं ख्रिस्ती राज्य उभं राहिलं. त्याचा पहिला राजा इनिगो आरिस्ता. त्याच्या मुलाचं नाव गार्सिया, म्हणून तो गार्सिया इनिगेझ, 'इनिगोचा मुलगा गार्सिया'. या गार्सियाचा मुलगा फोर्तून, आणि तो झाला फोर्तून गार्सेस. तीन पिढ्यांत तीन वेगळी 'आडनावं' दिसतात, कारण ती आडनावं नव्हतीच, ती बापाची नावं होती. दहाव्या शतकाच्या अखेरीच्या एका लॅटिन हस्तलिखितात, ज्याला रोदाचं हस्तलिखित म्हणतात, गार्सिया इनिगेझ हा राजा 'गार्सेआ एनेकोनिस' म्हणून येतो. त्याच गादीवर पुढे आलेल्या घराण्यात तर आजोबांचं नाव नातवाला ठेवायचा शिरस्ता इतका कडक होता, की 905 ते 1035 या काळातली यादी वाचताना डोकं गरगरतं : सांचो गार्सेस, मग गार्सिया सांचेझ, मग पुन्हा सांचो गार्सेस, पुन्हा गार्सिया सांचेझ, पुन्हा सांचो गार्सेस. लेऑनला एक राजा गार्सिया होता, गॅलिसियाला एक होता, कास्तीलला गार्सी फर्नांडेझ नावाचा सरदार-काउंट होता. राजे जे नाव ठेवतात ते रयतही ठेवते. अकराव्या-बाराव्या शतकात उत्तर स्पेनच्या जमीन-खरेदीच्या कागदांवर साक्षीदार म्हणून गार्सिया नावाची माणसं रांगेनं उभी दिसतात.

नावाचा अर्थ? इथे पंडितांचे दोन तट आहेत. एक गोष्ट बहुतेकांना मान्य आहे, की हे नाव लॅटिनमधून आलेलं नाही. ते रोमन लोक येण्यापूर्वीपासून त्या डोंगराळ भागात बोलल्या जाणाऱ्या भाषेतलं, आजच्या बास्क भाषेच्या पूर्वजाचं आहे. एका मतानुसार त्याच्या मुळाशी 'हार्त्स' म्हणजे अस्वल आहे; पिरेनीजच्या फ्रान्सकडच्या उतारावर सापडलेल्या रोमन काळातल्या शिलालेखांत 'हार्स'पासून सुरू होणारी माणसांची नावं आहेतच. दुसरं मत 'गास्ते' म्हणजे तरुण या शब्दाकडे बोट दाखवतं, म्हणजे बाप-लेक एकाच नावाचे असताना 'धाकटा' म्हणावं तसं. मला अस्वल जास्त पटतं, कारण शेजारपाजारची नावंही जनावरांचीच आहेत. लोपेझमधला 'लोपे' हा लॅटिन लांडगा, आणि ओचोआ हे आडनाव म्हणजे बास्क लांडगा. आपल्याकडच्या लांडगे मंडळींना हे वाचून बरं वाटेल.

आता त्या पाच लाखांच्या अंतराकडे येऊ. मध्ययुगीन स्पेनमध्ये बापाच्या नावाला '-एझ' लावून मुलाची ओळख सांगत. रोद्रिगोचा रॉड्रिगेझ, गोन्सालोचा गोन्सालेझ, मार्तीनचा मार्टिनेझ, सांचोचा सांचेझ, पेद्रोचा पेरेझ. गार्सियाचा गार्सेस, हे वर आलंच. पण हळूहळू दुसरी एक रीतही रुळली : प्रत्यय वगैरे काही न लावता बापाचं नाव नुसतं पुढे ठेवायचं. पेद्रो गार्सिया, म्हणजे गार्सियाचा पेद्रो. आपण स्वतःच्या आणि घराण्याच्या नावांमध्ये वडिलांचं नाव असंच कोरडं ठेवून देतो, तसंच हे. गार्सियाच्या बाबतीत ही दुसरी रीतच जिंकली. गार्सेस आडनावाची माणसं आजही आहेत, पण गार्सियांसमोर ती मूठभर.

इतर लोकप्रिय नावांचं तसं झालं नाही, त्यांचा वारसा वाटला गेला. रोद्रिगोचं बोलीतलं लहान रूप रुय. त्याच्या मुलांचे झाले रुइझ. फेर्नांदोचं दुसरं रूप एर्नांदो. एकाची मुलं फर्नांडेझ, दुसऱ्याची हर्नांडेझ. मार्तीनच्या काही वंशजांनी मार्टिनेझ घेतलं, काहींनी नुसतं मार्तीन ठेवलं, आणि आज स्पेनच्या पहिल्या दहा आडनावांत ही दोन्ही स्वतंत्रपणे मोजली जातात. रॉड्रिगेझ आणि रुइझ यांची बेरीज करून पाहा, ती गार्सियाच्या बरीच जवळ जाते. फर्नांडेझ अधिक हर्नांडेझचंही तेच. म्हणजे एकेकाळी गार्सिया नावाची माणसं रोद्रिगोंपेक्षा दीडपट होती असा अर्थ काढायची गरज नाही. गार्सियांची मतं फुटली नाहीत, एवढंच.

यात वेळेचाही हात आहे. तेराव्या शतकानंतर युरोपभर बारशाला संतांची नावं ठेवायची लाट आली. हुआन, पेद्रो, आंतोनिओ यांच्या गर्दीत गार्सिया, लोपे, सांचो ही जुनी नावं मागे पडली. पण नेमक्या त्याच काळात बापाचं नाव पिढीगणिक बदलायचं थांबून घराण्याला चिकटू लागलं होतं. त्यामुळे पाळण्यातून गेलेलं नाव दारावरच्या पाटीवर राहिलं.

बाकीचं काम स्थलांतरानं केलं. उत्तरेकडची ख्रिस्ती राज्यं दक्षिणेकडे सरकत होती : 1085 मध्ये तोलेदो, 1236 मध्ये कोर्दोबा, 1248 मध्ये सेविया, अखेर 1492 मध्ये ग्रानादा. जिंकलेल्या मुलखात उत्तरेकडचे शेतकरी आणि शिपाई जमिनी घेऊन वसले, येताना आपली नावं घेऊन आले. बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यू आणि मुस्लिम कुटुंबांना बऱ्याचदा धर्मपित्याचं आडनाव मिळे, आणि धर्मपिता गार्सिया असण्याची शक्यता मुळातच मोठी. पुढे तीच नावं जहाजातून मेक्सिको आणि पेरूला गेली, तिथे बाप्तिस्म्यात मूळच्या रहिवाशांना आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनाही मिळाली. म्हणून गार्सिया या नावावरून माणसाचं मूळ ओळखायला जाऊ नये. 2015 मध्ये स्पेननं, 1492 साली हाकलून दिलेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा केला, तेव्हा 'ही आडनावं असतील तर तुम्ही ज्यू' अशा याद्या जगभर फिरल्या. सरकारनं अशी कुठलीही यादी काढलेली नव्हती. अशा याद्यांत गार्सिया घालणं तर हास्यास्पदच, कारण त्यात निम्मा देश बसला असता.

आडनावं ही चंचल वस्तू होती, हेही लक्षात घ्यायला हवं. सोळाव्या-सतराव्या शतकापर्यंत सख्खी भावंडं वेगवेगळी आडनावं लावत. वारसा ज्या मामाकडून मिळायचा त्याचं, ज्या आजीचं कूळ मोठं तिचं, असा हिशेब असे. चित्रकार वेलास्केझचे वडील रॉड्रिगेझ दे सिल्वा. वेलास्केझ हे आईचं आडनाव. कवी गोंगोरा यानंही आईचं आडनाव पुढे घेतलं, वडील होते आर्गोते. 'डॉन किहोते' लिहिणाऱ्या मिगेल दे सेर्व्हान्तेस साव्हेद्रा याची आई कोर्तिनास घराण्यातली होती. 'साव्हेद्रा' हे त्यानं मोठेपणी एका दूरच्या नातलगाचं उचललं. कुस्कोमध्ये इंका राजघराण्यातल्या आईच्या पोटी 1539 साली जन्मलेल्या एका मुलाचं नाव होतं गोमेझ स्वारेझ दे फिगेरोआ. स्पेनला गेल्यावर त्यानं वडिलांचं नाव घेतलं आणि पेरूचा इतिहासकार इंका गार्सिलासो दे ला वेगा म्हणून तो अजरामर झाला. या गार्सिलासोमध्येही आपला गार्सियाच दडला आहे : गार्सी अधिक लासो.

ही चंचलता मोडली ती चर्चच्या आणि नंतर सरकारच्या वह्यांनी. 1563 मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं विवाह आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवणं पाद्र्यांवर बंधनकारक केलं. दोन आडनावांची पद्धत कायद्यात आली ती 1870 च्या नागरी नोंदणीनं. एकदा वहीत नाव बसलं की ते हलत नाही.

आणि न हलणाऱ्या नावांचं काय होतं, हे गणितानं सांगितलेलं आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनला थोर घराण्यांची आडनावं नाहीशी होताना दिसत होती. त्यानं 1873 मध्ये एका नियतकालिकात गणिताचा प्रश्न म्हणून ते कोडं घातलं, आणि हेन्री वॉटसन नावाच्या पाद्री-गणितज्ञानं उत्तर दिलं. सार असं : प्रत्येक पिढीत काही पुरुषांना मुलगा होत नाही, त्यांचं आडनाव तिथे थांबतं. ज्या आडनावाची दोनच घरं आहेत ते दोन-चार पिढ्यांत पुसलं जाऊ शकतं. ज्याची दहा हजार घरं आहेत त्याला धोका जवळजवळ नाही. शतकं उलटतात तशी विरळ आडनावं गळत जातात आणि मोठ्यांचा वाटा आपोआप वाढतो. गार्सियांनी त्यासाठी विशेष काही केलेलं नाही, सुरुवातीला ते संख्येनं जास्त होते एवढं पुरलं.

पण म्हणून स्पेनभर सगळीकडे तेच पहिले, असंही नाही. वायव्येला गॅलिसियातल्या ओरेन्से प्रांतात रॉड्रिगेझ पुढे आहेत. मेक्सिकोत हर्नांडेझ पहिले, गार्सिया दुसरे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतली चढण मात्र पाहण्यासारखी आहे : 1990 च्या जनगणनेत अठरावा क्रमांक, 2000 मध्ये आठवा, 2010 मध्ये सहावा. तेव्हा 11 लाख 66 हजार अमेरिकन गार्सिया होते, मिलर आणि डेव्हिस यांच्याही पुढे. जाता जाता एक गंमत. 'कॅलिफोर्निया' हे नाव पहिल्यांदा ज्या स्पॅनिश अद्भुतकथेत एका काल्पनिक बेटाला दिलेलं सापडतं, तिच्या लेखकाचं नाव गार्सी रॉड्रिगेझ दे मोन्ताल्वो. आज त्या राज्यात गार्सियांना तोटा नाही.

उच्चाराबद्दलही बरेच जण विचारतात. माद्रिदमध्ये 'गार्थीया', अंदालुसियात बऱ्याच ठिकाणी आणि लॅटिन अमेरिकेत सगळीकडे 'गार्सीया'. जोर 'सी'वर. मराठीत आपण ऱ्हस्व लिहितो ते चालवून घ्यावं.

प्रश्न : मी वसईचा. आमच्याकडे फर्नांडिस, लोपिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस घरोघरी आहेत. वर्तमानपत्रात स्पेनचे फर्नांडेझ, लोपेझ, रॉड्रिगेझ वाचतो. ही आडनावं स्पेनची की पोर्तुगालची?
– एक वाचक, वसई

उत्तर : मूळ एक, वाटा दोन. '-एझ' आणि '-एश' हे एकाच जुन्या प्रत्ययाचे दोन अवतार आहेत, आणि पोर्तुगालचं राज्यच मुळात बाराव्या शतकात लेऑनपासून फुटून निघालं. शेवटी 'झ' दिसला की स्पॅनिश, 'स' दिसला की पोर्तुगीज, ही खूण दहात नऊ वेळा चालते. वसई 1534 पासून 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे तुमच्याकडची आडनावं पोर्तुगालच्या वाटेनं आली. 1580 ते 1640 या साठ वर्षांत स्पेनचाच राजा पोर्तुगालच्याही गादीवर होता, तरी वसई-गोव्याचा कारभार पोर्तुगीज माणसांच्याच हाती राहिला. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव नव्या ख्रिस्ती कुटुंबाला मिळे. तेव्हा वसईचे फर्नांडिस आणि माद्रिदचे फर्नांडेझ यांचा संबंध काय, तर आठ-नऊशे वर्षांपूर्वी फेर्नांदो हे नाव त्या द्वीपकल्पात फार आवडतं होतं, इतकाच.

गार्सिया गोव्यातही आहेत, पण फर्नांडिस-रॉड्रिग्जच्या मानानं विरळ, कारण पोर्तुगालमध्येच या नावाची स्पेनइतकी चलती नव्हती. गोव्याला ठाऊक असलेला सर्वांत मोठा गार्सिया मात्र आडनावाचा नव्हेच. गार्सिया द ओर्ता हा वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला. त्याचं घराणं ओर्ता, आणि गार्सिया हे बाप्तिस्म्याचं नाव. म्हणजे सोळाव्या शतकातही हे नाव पाळण्यातून पुरतं गेलेलं नव्हतं. त्याचे आईबाप 1492 मध्ये स्पेनमधून बाहेर पडलेले ज्यू होते. पोर्तुगालमध्ये त्यांना ख्रिस्ती व्हावं लागलं. या गृहस्थानं भारतातल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपी ग्रंथ लिहिला आणि तो 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. पटकीचं वर्णन करताना त्यानं इथला 'मोडशी' हाच शब्द पोर्तुगीज लिपीत उतरवून ठेवला आहे. मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्यानं होतं. मुंबईचे जुने मालक आठवताना त्याला विसरू नये. 1568 मध्ये तो वारला. दुसऱ्याच वर्षी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडं कबरीतून उकरून जाळली, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून. पणजीच्या महापालिकेच्या बागेला आज त्याचं नाव आहे.

प्रश्न : मी जहाजावर नोकरी करतो. आमच्या बरोबरच्या फिलिपिनो खलाशांत गार्सिया, रेयेस, मेंदोझा अशी आडनावं असतात, पण त्यांना स्पॅनिशचा एक शब्द येत नाही आणि घरात कुणी स्पॅनिश पूर्वज असल्याचंही ते सांगत नाहीत. मग हे काय?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमचे सोबती खरं तेच सांगतात. स्पेननं फिलिपिन्सवर 1565 पासून 1898 पर्यंत राज्य केलं, पण तिथे जाऊन वसलेले स्पॅनिश लोक थोडेच. आधीच्या शतकांत बाप्तिस्मा घेणारे लोक मनाला येईल ते धार्मिक नाव घेत, क्रूसाचं नाहीतर संतांचं. परिणामी एका गावात शेकडो 'दे ला क्रूझ' आणि 'दे लोस सान्तोस', त्यातही भावाभावांची आडनावं वेगळी. कर वसूल करणाऱ्यांची त्रेधा उडाली.

गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यानं यावर सरकारी डोक्याचा उपाय काढला. 21 नोव्हेंबर 1849 च्या हुकुमानं आडनावांचं एक जाडजूड कोष्टक छापलं गेलं. त्यात वर्णानुक्रमे साठ हजारांहून जास्त शब्द होते : स्पॅनिश आडनावं, तशीच स्थानिक शब्दांतली, झाडांची, जागांची, गुणांची. त्याची पानं प्रांतोप्रांती वाटली, प्रांताधिकाऱ्यानं ती गावोगाव वाटली, आणि कुटुंबप्रमुखांनी आपल्या वाट्याच्या पानावरून नाव निवडायचं असा आदेश झाला. चार पिढ्या एकच आडनाव चालत आल्याचं दाखवता आलं तर ते ठेवायची मुभा होती. पानांची ही वाटणी आजही दिसते. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात पिढीजात रहिवाशांची आडनावं एकजात 'आर' या अक्षरानं सुरू होतात, कारण त्या गावाला 'आर'ची पानं आली होती. तुमच्या सोबत्याला त्याच्या गावातली बाकीची आडनावं विचारून पाहा. सगळी 'जी'वर निघाली तर त्याचा गार्सिया कुठून आला ते बोटीवरच कळेल.

प्रश्न : आमच्या वाचनालयात मार्केझ यांची पुस्तकं 'म'मध्ये लावतात. एक सभासद म्हणतात, 'ग'मध्ये लावा. बरोबर कोण?
– ग्रंथपाल, कोल्हापूर

उत्तर : सभासद. गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांचे वडील गार्सिया, आई मार्केझ. पहिलं आडनाव वडिलांचं, आणि अनुक्रम तेच धरून लावायचा. कोलंबियातल्या वाचनालयातही ते 'जी'खाली मिळतील. फेदेरिको गार्सिया लोर्का यांचंही तसंच, लोर्का ही आईची बाजू. पण लोर्कांना लोर्का म्हणण्याची चाल स्पॅनिश लोकांचीच आहे. ज्याचं पहिलं आडनाव फार सामान्य, त्याला लोक बेलाशक दुसऱ्यानं हाक मारतात. पाब्लो रुइझ पिकासो असाच पिकासो झाला, आणि स्पेनचे माजी पंतप्रधान होसे लुइस रॉड्रिगेझ सापातेरो हे देशाला सापातेरो म्हणूनच माहीत. एवढ्या गार्सियांत नुसतं 'गार्सिया' म्हणून चालायचं कसं? अलीकडे काही घरं दोन्ही आडनावं जोडरेघेनं बांधून टाकतात, म्हणजे पुढच्या पिढीत जोडी फुटत नाही. तुम्ही 'म'च्या कप्प्यात एक चिठ्ठी लावून ठेवा, वाचक तिथेच शोधणार.

प्रश्न : स्पेनमध्ये लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत आणि मुलांना आईचंही आडनाव मिळतं, हे वाचून हेवा वाटला. म्हणजे तिथे आईचं आडनाव टिकतं असं समजायचं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पहिली दोन विधानं बरोबर, निष्कर्ष अर्धाच. बाई जन्माला येताना ज्या दोन आडनावांनी येते त्याच दोन आडनावांनी जाते, लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही. पण मुलाला देताना ती आपलं पहिलं आडनाव देते, आणि ते तिच्या वडिलांकडून आलेलं असतं. मुलाच्या नावात ते दुसऱ्या जागी बसतं. त्या मुलाला मूल झालं की पुढे जातं ते मुलाचं पहिलं आडनाव, म्हणजे पुन्हा वडिलांकडचं. आजीचं आडनाव नातवापर्यंत पोचत नाही. हेवा करायचाच तर एका पिढीपुरता करा.

यात बदल होत आला आहे. 1999 पासून आईवडिलांनी ठरवलं तर आईचं आडनाव पुढे ठेवता येऊ लागलं, पण काहीच ठरलं नाही तर वडिलांचं पुढे, हा नियम राहिला. 2010 मध्ये सापातेरो सरकारनं एक मसुदा आणला : एकमत नसेल तर वर्णानुक्रमे जे आधी येईल ते पहिलं. देशभर गदारोळ झाला. शेवटच्या अक्षरांची आडनावं हळूहळू नामशेष होतील म्हणून लोक हिशेब मांडू लागले, आणि मसुदा आणणाऱ्या पंतप्रधानांचं आडनावच 'झेड'वरचं असल्यामुळे विनोदांना तोटा नव्हता. गार्सियांचा मात्र त्यात फायदाच होता. लोपेझ, मार्टिनेझ, पेरेझ, रॉड्रिगेझ, सांचेझ हे सगळे त्यांच्या मागे. मोठ्या आडनावांपैकी अडवायला अलोन्सो, अल्वारेझ, डियाझ, फर्नांडेझ एवढेच.

ती कल्पना सोडून देण्यात आली. 30 जून 2017 पासून लागू असलेल्या नियमानुसार वडिलांना आपोआप मिळणारं प्राधान्य गेलं. नोंदणीच्या अर्जावर दोघांनी मिळून क्रम लिहायचा. न लिहिल्यास किंवा मतभेद असल्यास तीन दिवसांची मुदत, त्यानंतर मुलाचं हित बघून निबंधक ठरवतो. बहुतेक घरांत अजूनही वडिलांचंच पुढे लिहिलं जातं. पहिल्या मुलासाठी जो क्रम ठरेल तोच त्या आईवडिलांच्या पुढच्या सगळ्या मुलांना लागू होतो, त्यामुळे भांडायचं असेल तर पहिल्याच वेळी भांडावं लागतं.